कालच्या पावाचा तव्यावरचा गार्लिक ब्रेड

तव्यावर गार्लिक ब्रेड केला की लसूण करपून कडू होतो. म्हणून लसणाची बाजू तव्याला लावायचीच नाही.

4 लादीपावांना 50 ग्रॅम अमूल बटर पुरतं. ते वितळवू नका. बोट दाबलं की खळगा पडावा इतकंच मऊ हवं. त्यात 5-6 लसूणपाकळ्या किसून, थोडा ओरेगॅनो आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर मिसळा. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर अगदी कोरडी करा, नाहीतर पाव गिचका होतो. मीठ नको, बटरमध्ये असतंच.

1. पाव आडवे कापून आतल्या बाजूला बटर लावा.
2. मंद आचेवर, बटरची बाजू वर ठेवून तव्यावर मांडा.
3. तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाकून लगेच झाकण ठेवा. 3 मिनिटं. वाफेनं कालचा पावही मऊ होतो, लसणाचा उग्रपणा जातो.
4. झाकण काढून खालची बाजू कुरकुरीत होऊ द्या. ही वाट बघाच, खरी मजा त्या कुरकुरीत तळाची आहे.

लसणाचं बटर उरलं तर ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून 3 दिवसांत संपवा.