यॉर्कजवळच्या लाकडी केबिनला जाताय? आधी कागद आणि पेन घ्या

येत्या डिसेंबरात आम्ही परत इंग्लंडच्या उत्तरेकडच्या यॉर्कला चाललोय. म्हणजे यॉर्कपासून पाऊण तासावर, हेल्म्सलीच्या बाजूला, झाडीतली लाकडी केबिन, शुक्रवार ते सोमवार. मागच्या वेळी हीच ट्रिप मी अशी काही घोळात घातली की सासूबाई पावणेदोन तास अंधारात गाडीत उपाशी बसल्या, आणि त्यांना डायबेटिस आहे. त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून यंदा सगळं आधीच लिहून काढतेय, आणि भारतातून आलेल्या आईवडलांना घेऊन हिवाळ्यात अशा ठिकाणी जाणार असाल तर तुम्हीही वाचा.

कपडे, थर्मल, औषधं, चार्जर यावर मी वेळ घालवत नाही, ते कुणी विसरत नाही. विसरतो तो कागद. एक साधा कागद, त्यावर पेनने लिहिलेलं: साइटच्या फाटकाचा कोड, केबिनचा नंबर, किल्लीच्या डब्याचा कोड, मेन रोड सोडल्यापासूनचा रस्ता, आणि तिथल्या केअरटेकरचा फोन नंबर. फोनमध्ये नाही, मेलमध्ये नाही, कागदावर.

का ते सांगते. या केबिनचं चेक-इन असतं दुपारी चारला आणि डिसेंबरात यॉर्कला सूर्य मावळतो पावणेचारच्या आसपास, म्हणजे तुम्ही कितीही वेळेवर निघा, पोचणार अंधारातच. आम्ही तर लंडनजवळच्या स्लाववरून निघालोच एक वाजता, शुक्रवारची एम-वन मोटरवे, नॉटिंगहॅमच्या अलीकडेच दिवे लावावे लागले, आणि तिकडे पोचेपर्यंत सात. मी सॅटनॅवला, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला, पोस्टकोड टाकला होता. शहरात पोस्टकोड म्हणजे एक गल्ली, पंधराएक घरं. खेड्यात तीच पंधरा घरं मैल-दोन मैलात पसरलेली असतात, त्यामुळे सॅटनॅवने आम्हाला एका शेताच्या बंद फाटकासमोर आणून सोडलं आणि पोचलात म्हणाला. चार फोन होते गाडीत, एकालाही रेंज नाही. केबिनमध्ये वायफाय होतं, पण ते आत, किल्ली बाहेरच्या डब्यात, डब्याचा कोड मेलमध्ये, आणि मेल उघडायला नेट नाही. एवढ्याशा चार आकड्यांसाठी आम्ही त्या अरुंद रस्त्यावरून गाडी मागे घेत घेत परत हेल्म्सलीपर्यंत गेलो, तिथे रेंज आली, मेल उघडला, नवऱ्याने कोड हातावर लिहिला. परत आलो तर डब्यावरचे आकडे दिसेनात, माझा फोन सहा टक्क्यांवर. दार उघडलं तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, हात थरथरत होते.

तर कागद. आणि एक नाही, दोन. एक गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात, एक कुणाच्या तरी खिशात. स्क्रीनशॉटही काढा, गूगल मॅपवर त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून ठेवा, हे सगळं कराच, पण थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे हे कागदाच्या जागी नाही, कागदाच्या जोडीला. कागदावर केबिनचा पूर्ण पत्ताही लिहा, पोस्टकोडसकट, आणि बुकिंगच्या मेलमध्ये व्हॉट-थ्री-वर्ड्सचे (नेमकी जागा तीन शब्दांत सांगणारं ॲप) तीन शब्द दिले असतील तर तेही. रात्री कुणाला काही झालं आणि ९९९ ला, म्हणजे इमर्जन्सीला, फोन लावायची वेळ आली तर ते विचारतात कुठे आहात, आणि झाडीत, अंधारात, घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची तिथे असेल तर ९९९ लागतो, म्हणून लावून बघाच. आईवडलांच्या इन्शुरन्सचा नंबरही त्याच कागदावर. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला इथल्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं तर बिल येतं.

बॅटरी. हातातली, सेल घालायची, फोनची नव्हे. तिथे रस्त्याला दिवे नाहीत, गाडीपासून दारापर्यंत ओला पाला, लाकडी पायऱ्या बुळबुळीत. माणशी एक घ्या, आणि ती डिकीत बॅगेच्या तळाशी नको, समोर.

पहिल्या रात्रीचं जेवणही तसंच, वर, हाताशी. आम्ही थालीपीठं आणि दही नेलं होतं पण ते तीन बॅगांच्या खाली, आणि मला वाटत होतं आत्ता पाच मिनिटांत पोचू, आत्ता पोचू, म्हणून काढलंच नाही. डायबेटिसचं माणूस सोबत असेल तर असं पाच मिनिटं करत बसू नका, गाडी थांबवा आणि खायला द्या.

स्वयंपाकाचं बघा. आधी साइटवाल्यांना विचारा शेगडी कुठली आहे. बऱ्याच केबिनमध्ये इंडक्शन असते आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही, इंडक्शनचा म्हणून मिळतो तो किंवा स्टीलचा, बुडाला लोहचुंबक चिकटतो तोच न्या. आम्ही दोन किलो तांदूळ आणि तूरडाळ घेऊन गेलो आणि तीन दिवस भात पातेल्यात शिजवला, डाळ काही शिजलीच नाही नीट. फोडणी देताना पंखा लावा, खिडकी उघडा, कारण एकच खोली असते आणि स्मोक अलार्म छताला, मोहरी तडतडली की तो बोंबलतो आणि लहान मूल झोपलेलं असेल तर झालंच. गोडा मसाला, हळद, हिंग घरून. बाथरूमसाठी पाण्याचा मग घरून न्या, तिथे मिळणार नाही. दूध, ब्रेड, भाजी वाटेतच घ्या. रविवारवर ठेवू नका, इंग्लंडात २८० चौरस मीटरच्या वरची दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, कायदाच आहे १९९४ चा, आणि यॉर्क फिरून संध्याकाळी सहाला तुम्ही दुकानात पोचाल तर शटर खाली.

लाकडाची शेगडी असते आत, तिच्यासाठीच तर जातो आपण. पण ओलं लाकूड जळत नाही, नुसता धूर. २०२१ च्या मेपासून इंग्लंडात जळणाच्या छोट्या पिशव्या विकायच्या तर लाकडात ओल २० टक्के किंवा त्याहून कमी हवी, पिशवीवर रेडी टू बर्न छापलेलं असतं ते बघून घ्या. जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करून आणू नका, बाबांनी आणल्या होत्या. बारीक ढलप्या, फायरलायटर आणि लांब काडीचा लायटर वेगळे घ्यावे लागतात. आणि झोपायच्या आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते बटण दाबून बघा. ही गोष्ट उद्यावर टाकायची नाही.

हॉट टब. उतरण्याआधी आंघोळ, आणि डोक्याला तेल नको. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी आई मुलींच्या डोक्याला खोबरेल चोपडते, तेच डोकं टबात गेलं की पाण्यावर तवंग येतो, फेस येतो, आणि पाणी बदलायचे पैसे साइटवाले लावतात. बीपी किंवा शुगर असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, चाळीस डिग्रीच्या पाण्यातून शून्याच्या हवेत उठताना चक्कर येते.

आता यॉर्क. गाडी शहरात नेऊ नका, पार्क अँड राइड आहेत चहूबाजूंनी, म्हणजे गाडी बाहेर लावायची आणि बसने आत जायचं, उत्तरेकडून येणाऱ्यांना ए-१९ वरचं रॉक्लिफ बार सोयीचं. शेवटच्या बसची वेळ बघा आणि लिहा, हो, त्याच कागदावर. जुन्या शहरात गेट म्हणजे रस्ता, व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला शब्द, आणि बार म्हणजे तटबंदीचा दरवाजा. कुठे भेटायचं ते ठरवताना हे सगळ्यांना सांगा, बाबा स्टोनगेटला उभे राहून दरवाजा शोधत होते. तटबंदीवरून चालणं फुकट आहे, सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, पण काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही आणि बर्फ पडला की बंद ठेवतात, म्हणून दिवस तेवढ्यावर ठरवू नका. शॅम्बल्स या जुन्या अरुंद गल्लीला दगडी फरशी उंचसखल, आईंना चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट.

मिन्स्टरला, म्हणजे यॉर्कच्या मोठ्या चर्चला, दोन तास तरी द्या. साधारण १२२० ला सुरू झालेलं बांधकाम १४७२ ला पुरं झालं, अडीचशे वर्षं, आणि पूर्वेची मोठी काचेची खिडकी १४०५ ते १४०८ या तीनच वर्षांत जॉन थॉर्नटनने केली. ती टेनिस कोर्टाएवढी आहे, पण वरची चित्रं नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत, छोटी दुर्बीण नेली तर आईंसारखं माणूस अर्धा तास हलत नाही तिथून. मनोऱ्याला २७५ पायऱ्या, अरुंद गोल जिना, आठ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, तेव्हा धाकट्यापाशी खाली कोण थांबणार ते घरूनच ठरवा, तिथे भांडण होतं.

बाबा रेल्वेत होते, मिरजेला. रेल्वे म्युझियमला मागच्या वेळी मी त्यांना एकच तास दिला, ही माझी दुसरी मोठी चूक. मॅलर्ड इंजिन आहे तिथे, १९३८ मध्ये ताशी १२६ मैल गेलेलं, वाफेच्या इंजिनाचा विक्रम अजून त्याचाच, आणि बाबा त्याच्या चाकांपाशी उभे राहून एकेका भागाचं नाव नातवाला सांगत होते आणि मी घड्याळ बघत होते. यंदा अर्धा दिवस. प्रवेश फुकट आहे. यॉर्व्हिक हे व्हायकिंगांचं म्युझियम पोरांना आवडतं पण वेळेचं तिकीट आधी काढा, आत वास मुद्दाम सोडलेले असतात, पोट भरून नेऊ नका.

नदीचं पण बघा. ऊज नदीला हिवाळ्यात पाणी चढतं, किंग्ज स्टेथचा घाट बुडतो, २०१५ च्या डिसेंबरात तर यॉर्व्हिकमध्ये पाणी शिरलं होतं आणि ते २०१७ पर्यंत बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी पुराचा इशारा आहे का ते बघा.

गाडी: काचेवरचा बर्फ खरवडायला स्क्रेपर, डी-आयसर, थर्स्कच्या आधीच टाकी फुल. सॅटनॅव थर्स्ककडून सटन बँकेच्या घाटाने नेतो, चारास एक चढ, गाडी भरलेली आणि रस्ता गोठलेला असेल तर तिकडून नको, यॉर्ककडून या. संध्याकाळी हरणं आणि रानकोंबडे रस्त्यावर येतात, हळू.

परतताना दहाला केबिन सोडायची. भांडी, कचरा, टबाचं झाकण, फ्रिज बघा. चार्जर भिंतीतच राहतात. राख गरम असताना पिशवीत भरू नका. किल्ली डब्यात टाकून आकडे फिरवा.

यंदाचे दोन्ही कागद मी काल रात्रीच लिहिले. एक गाडीच्या खणात गेला. दुसरा बाबांनी मागून घेतला, रेल्वेचा पास ठेवायचे त्या जुन्या पाकिटात घडी करून ठेवलाय, आणि सकाळी चहा पिताना किल्लीच्या डब्याचा कोड मला पाठ म्हणून दाखवला.