जुना कुर्ता घरी डाय करायचाय? आधी धागा कशाचा ते बघा

नवरात्र जवळ आलं की लोकलच्या लेडीज डब्यात एकच चर्चा, उद्याचा रंग कोणता, आणि दर वर्षी एक तरी रंग असा निघतोच जो आपल्या कपाटात नसतो. मागच्या वर्षी मी हट्टाने नवीन काही घेतलं नाही, पिवळट पडलेला एक पांढरा कुर्ता होता तो घरीच बादलीत रॉयल ब्लू केला. कापड एकदम मस्त रंगलं, पण शिलाईचे टाके पांढरेच्या पांढरे. कुर्ता कॉटनचा होता आणि शिवलेला दोरा पॉलिएस्टरचा, एकाच बादलीत, एकाच रंगात दोन तास बुडून एकाने रंग घेतला आणि दुसऱ्याने ढुंकूनही बघितलं नाही.

मराठीत आपण भिंतीच्या रंगालाही रंग म्हणतो आणि कपड्याच्या रंगालाही, त्यामुळे घोळ होतो. भिंतीच्या रंगात पिगमेंट असतं, ते पाण्यात विरघळत नाही, बारीक भुकटी असते आणि सोबतच्या चिकट द्रव्यामुळे वर बसून राहते, म्हणून तर स्वस्तातल्या टीशर्टवरचं चित्र हाताला जाड लागतं आणि दहा-बारा धुण्यांत तडकतं. कपड्याचा रंग म्हणजे डाय, तो विरघळतो आणि धाग्याच्या आत शिरतो. त्याचा रेणू उजेडातला काही भाग गिळतो, जो उरतो तो आपल्याला दिसतो, निळा डाय नारिंगी-पिवळा भाग गिळतो म्हणून निळा. पण नुसता रंगीत असून भागत नाही, धाग्याला धरून राहता आलं पाहिजे. बीटाचं पाणी केवढं लालभडक असतं, कपड्यावर सांडलं तर दोन धुण्यांत बरंचसं जातं. हळद मात्र कॉटनला थेट धरते, वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ते सगळ्यांनी बघितलंय (साबण अल्कली, हळद अल्कलीत लाल होते, एवढंच), पण उन्हात टाकला की दोन दिवसांत फिका पडतो कारण हळदीला ऊन सोसत नाही.

मंजिष्ठा, पळस, लाख असले जुने रंग तर बहुतेक नुसते कॉटनवर नीट बसतच नाहीत, आधी कापड हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढावं लागतं, तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने धागा धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग. तुरटीऐवजी हिराकस (लोखंडाचा क्षार) घातला तर तोच रंग काळपट येतो. मग १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनाईन बनवायला बसला आणि डांबरातल्या मालापासून त्याच्या हाती लागला जांभळा रंग. तिथून कारखान्यातले रंग सुरू झाले.

आता कामाचं. पहिलं काम म्हणजे कपडा ओळखणं, लेबलवर विसंबू नका, आतल्या शिवणीजवळच्या कडेतून कापडाचेच (शिलाईच्या दोऱ्याचे नाही) दोन-तीन धागे काढा आणि चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा. कागदासारखा जळला आणि मऊ राखाडी राख राहिली तर कॉटन (व्हिस्कोजही असाच जळतो, तोही ह्याच पद्धतीने रंगतो). केस जळल्यासारखा वास आला तर सिल्क किंवा लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, तिथेच थांबा. पॉलिएस्टरचा धागा इतका घट्ट असतो की पाण्यात नीट न विरघळणारे वेगळे डिस्पर्स डाय लागतात आणि ते आत घालायला कारखान्यात १३० अंशाला प्रेशरखाली शिजवतात, आपल्या घरच्या उकळत्या पाण्यात फार तर फिकट छटा येते. मिक्स कापड असेल तर फक्त कॉटनचा भाग रंगेल आणि धुरकट, अर्धवट रंग येईल. सिल्कला अॅसिड डाय, थोडं व्हिनेगर आणि उकळीच्या जरा खालचं गरम पाणी लागतं, पण आईची पैठणी पहिल्या प्रयोगाला घेऊ नका, प्लीज.

कॉटनसाठी जनरल स्टोअरमध्ये जी रंगाची पुडी मिळते, मीठ घालून उकळायची, त्यात बहुतेक डायरेक्ट डाय असतो. त्याचा लांब चपटा रेणू धाग्याला समांतर आडवा पडून राहतो, पक्की गाठ नसते, म्हणून प्रत्येक धुण्याला थोडा थोडा सुटत राहतो आणि बाकीचे कपडे खराब करतो. मी सांगेन की केमिकलवाल्याकडून नाहीतर क्राफ्टच्या दुकानातून रिअॅक्टिव्ह डाय आणा, कोल्ड ब्रँड म्हणून मागा. १९५६ मध्ये बाजारात आले हे, आणि ह्यांची गंमत म्हणजे हे धाग्याला चिकटत नाहीत, धाग्याशी रासायनिक बंध करतात, डाय आणि कॉटन मिळून एकच रेणू होतो. म्हणून पक्के.

साधारण पाव किलोच्या सुक्या कुर्त्याला ५ लिटर पाणी, ५ ते १० ग्रॅम डाय (गडद पाहिजे तर १०), २५० ग्रॅम साधं मीठ आणि १०० ग्रॅम सोडा अॅश. सोडा अॅश म्हणजे धुण्याच्या सोड्याची सुकी पावडर, खायचा सोडा नाही, खायच्या सोड्याने पाणी पुरेसं अल्कली होत नाही आणि थंड पाण्यात रंग बसत नाही. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची, अॅल्युमिनियमचं पातेलं नको कारण सोडा ते खातो, आणि जे भांडं घ्याल ते परत स्वयंपाकात आणायचं नाही. हातात ग्लोव्ह्ज, आणि पावडर कालवताना नाकाला मास्क, पंखा बंद. मुंबईत पालिकेचं नळाचं पाणी तलावांचं असल्यामुळे चालतं, पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर ते जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे रंग डागाळतो, त्यामुळे सकाळी नळाला पाणी असतं तेव्हाच बादली भरून ठेवा.

कपडा नवा असेल तर आधी गरम पाण्यात डिटर्जंटने धुऊन खळ काढा, जुना असेल तरी धुवा, तेलकट डाग असेल तिथे रंग जाणारच नाही, आणि सॉफ्टनर अजिबात नको. मग कपडा ओलाच ठेवायचा, सुका टाकला की ठिपके पडतात. डाय आधी वाटीभर कोमट पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, बादलीत कोमट पाण्यात मीठ विरघळवायचं, डाय ओतायचा, कपडा टाकायचा आणि अर्धा तास हलवत राहायचं. मीठ कशाला? पाण्यात कॉटनवर थोडा ऋण भार येतो आणि डायवरही ऋणच, दोघं एकमेकांना ढकलतात, मीठ मध्ये पडून भांडण मिटवतं आणि डाय धाग्याजवळ जातो. पण अजून काही पक्कं झालेलं नाही बरं का, ह्या वेळी कपडा काढून धुतला तर रंगाचा मोठा भाग पाण्याबरोबर जाईल.

अर्ध्या तासाने कपडा बाजूला काढा, सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून बादलीत घाला, कपडा परत टाका. कपड्यावर थेट सोडा ओतू नका, मी ओतलाय, पाठीवर चट्टा आला. आता एक तास, पहिली वीस मिनिटं तरी सतत हलवा. सोड्याने पाणी अल्कली होतं आणि तेव्हाच तो बंध होतो. गंमत अशी की सोडा पडला की डाय पाण्याशीही जुळायला लागतो, तेवढा डाय वाया, तो आता कोणत्याच कापडाला धरणार नाही. त्यामुळे बादलीत उरलेलं निळंशार पाणी बघून जीव हळहळतो पण उद्या दुसरा कपडा त्यात बुडवू नका, ओतून टाका.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, ते म्हणायचे रंगवायला कमी वेळ आणि धुवायला जास्त. बरोबर होतं त्यांचं. आधी थंड पाण्याने खंगाळा, मग उकळतं पाणी आणि थोडा साबण घालून दहा मिनिटं ठेवा, परत खंगाळा, पाणी जवळजवळ स्वच्छ होईपर्यंत. सुटतो तो वाया गेलेला डाय असतो, घाबरू नका, तो आत राहिला तरच नंतर त्रास देतो. सावलीत वाळवा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका असं नाही, पण दोन दिवस बाथरूममध्ये निळं पाणी ठिबकत राहील, घरच्यांची परवानगी घेऊन ठेवा.

नवीन कपडा पहिल्यांदा मिठाच्या नाहीतर तुरटीच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. खरं सांगू, मीठ रंगवताना उपयोगाचं, सुटलेल्या डायला ते काही बांधून ठेवत नाही, आणि तुरटी त्या मंजिष्ठा-पळसाच्या कामाची. आणखी एक, डाय पारदर्शक असतो, खालचा रंग त्यात मिसळतोच. पिवळ्या कुर्त्यावर निळा घातला तर हिरवा येणार, लालावर निळा घातला तर जांभळट. गडदावरून फिक्याकडे डायने जाता येत नाही.

आणि जीन्सशी तुलना करू नका, ती फिकी पडते कारण इंडिगोची तऱ्हाच वेगळी, तो पाण्यात विरघळतच नाही, त्याला आधी पिवळट-हिरव्या विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं, धागा बुडवून वर काढला की हवेतल्या ऑक्सिजनने डोळ्यांदेखत निळा होतो, आणि तो राहतो धाग्याच्या बाहेरच्या थरात, आतला गाभा पांढराच. घासलं की पांढरं दिसायला लागतं.

कपडा वाळला की एक पांढरा रुमाल ओला करून त्यावर ठेवा आणि इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर अजून एकदा गरम पाणी-साबण, नाही लागला तर घाला. तरी पहिली तीन धुणी वेगळीच, मशीनमध्ये नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाबरोबर नको. आणि टाकेही रंगायला हवे असतील तर शिंप्याला आधीच कॉटनचा दोरा घ्यायला सांगा.