गो-लाइव्हवर पैसे टांगू नका

नोकरी सोडून आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची स्वतंत्र कन्सल्टन्सी करायची म्हटलं, की लोक आधी पीएमपीचं, म्हणजे पीएमआय या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या प्रमाणपत्राचं विचारतात. करा की. पदवीधराला प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, पुढे दर ३ वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण. अनुभवाचे महिने फुगवून फॉर्म भरून देणारे क्लासवाले भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, पीएमआय अर्जांचं ऑडिट करते. आणि पीएमपीने फार तर बोलावणं येतं, पैसे वसूल होत नाहीत.

माझे अडकले ते करारातल्या एका ओळीमुळे. चाकणच्या एका कारखान्याचं ईआरपीचं काम, म्हणजे सगळ्या खात्यांचा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर आणायचा; शेवटचे ३० टक्के 'गो-लाइव्ह झाल्यावर', म्हणजे ते प्रत्यक्ष वापरात आल्यावर. वाचताना काहीच वावगं वाटत नाही. पण गो-लाइव्ह कोणाच्या हातात असतं बघा. आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, साफ करायचा स्टोअर्सने. त्या एक्सेलमध्ये एकच बोल्ट 'एम८ बोल्ट', 'बोल्ट एम-८' आणि 'बोल्ट ८ एमएम' अशा तीन नावांनी, तिन्हींचा साठा वेगळा. यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी घ्यायची चाचणी, करायची अकाउंट्सने, तर त्यांचं मार्चअखेर. मग ऑडिट. मग गणपती, मग दिवाळी. यातलं कुणीही तुमच्या हाताखाली नाही. तुम्ही रोज फोन करायचा, त्यांनी रोज 'करतो सर' म्हणायचं.

त्यात टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे पक्कं बिल, काढून बसलात, तर पैसे येवोत न येवोत, १८ टक्के जीएसटी खिशातून भरा. टप्पा पुरा होईपर्यंत प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिलच पाठवा.

म्हणून टप्पे तुमच्या हातातल्या कामाला बांधा: प्रोसेसचा दस्तऐवज, कॉन्फिगरेशन, ट्रेनिंग. आणि 'अमुक दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम स्वीकारलं असं धरलं जाईल' हे वाक्य घालाच. समोरचा लीगलवाला ते खोडणार. भांडा. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यात हेच आहे: १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर काम दिलं त्याच दिवशी स्वीकारलं असं धरतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी तिथून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. फक्त त्यासाठीची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करार करण्याआधीच उरकून ठेवा.

घाबरू नका, सगळे ग्राहक असे नसतात. पहिली कामं बहुधा जुन्या कंपनीतल्या डिलिव्हरी हेडकडूनच, म्हणजे प्रकल्प पुरे करून देणाऱ्या साहेबाकडूनच येतात, उपकंत्राट म्हणून. त्यात कमीपणा मानू नका, निदान महिन्याच्या महिन्याला बिल निघतं. सहा महिन्यांचा घरखर्च मात्र बाजूला असू द्या.

मेंटॉरबद्दल विचाराल, तर लिंक्डइनवरचे कोच मला मुळीच पटत नाहीत. ज्याचे पैसे एकदा तरी बुडालेत असा कन्सल्टंट गाठा. सल्ला नका मागू, ग्राहकाचं नाव आणि आकडे झाकून त्याचा जुना करार तेवढा बघायला मागा. पेमेंटचं कलम आधी वाचा.