ऑनलाइन घ्यावे की जवळच्या दुकानातून? आधी परतीचा रस्ता पाहावा

घरातील एखादी वस्तू घ्यायची झाली की मोबाइलवर दिसणारी किंमत आणि बाजारपेठेतील दुकानदाराने सांगितलेली किंमत शेजारी ठेवून निर्णय करण्याची आता बहुतेकांना सवय झाली आहे. ही तुलना अर्धीच असते. वस्तू घरापर्यंत येण्याचा खर्च फार तर तिच्यात धरलेला असतो. परंतु वस्तू सदोष निघाली, मापाला बसली नाही किंवा वर्षभराने तिचा एखादा भाग झिजला, तर ती परत पाठवण्याचा अथवा दुरुस्तीला नेण्याचा त्रास कोण सोसणार, हे तिच्यात कुठेच येत नाही. माझ्या मते खरेदीपूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि प्रत्येक वस्तूसाठी तो नव्याने विचारावा, कारण पुस्तकाच्या बाबतीत त्याचे उत्तर एक येते आणि फ्रिजच्या बाबतीत दुसरेच.

अर्थात त्याआधी दोन्ही किमती खरोखर एकाच गोष्टीच्या आहेत, याची खात्री करावी लागते. विद्युत उपकरणांच्या बाबतीत मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेलांत मोटर, भांड्यांची संख्या किंवा हमीचा काळ वेगळा असू शकतो. एमआरपीवर किती टक्के सूट मिळाली, हा आकडा बाजूला ठेवावा, कारण एमआरपी ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्ष विक्री अनेकदा तिच्या बरीच खाली होते. ऑनलाइन किंमत पहिल्या पानावरची न धरता पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची धरावी, कारण घरपोच आणण्याचे शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क आणि रोखीने पैसे दिल्यास लागणारे जादा शुल्क पुष्कळदा तेथेच उघड होते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमत, न मागता खरेदीच्या टोपलीत टाकलेली वस्तू आणि घाई करायला लावणाऱ्या खोट्या सूचना हे सारे फसवे प्रकार ठरतात. तरीही त्या शेवटच्या पानावर विमा किंवा देणगीच्या चौकोनात आधीच खूण केलेली नाही ना, हे पाहून घेणे बरे. बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेत बँक व्याज आकारते आणि तेवढी सूट विक्रेता देतो; मात्र त्या व्याजावरील जीएसटी बहुधा ग्राहकाच्याच माथी येतो. दुकानदाराला किंमत विचारताना ‘पक्क्या बिलासह, घरी आणून, वरच्या मजल्यावर चढवून’ असे स्पष्ट म्हणावे, नाहीतर टेम्पो आणि हमालीचे पैसे नंतर निघतात.

वाहतुकीचे गणित समजून घेतले, तर कोणती वस्तू ऑनलाइन महाग पडणार याचा अंदाज आधीच येतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला साधारणपणे ५००० ने भागतात. ५० × ४० × ४० सेंटिमीटरच्या खोक्यातील प्लॅस्टिकचा डबा हातात दोन किलोचाही नसेल, पण कुरिअरच्या हिशेबी तो १६ किलोंचा होतो. हा खर्च ‘मोफत घरपोच’ म्हटल्याने नाहीसा होत नाही. तो किमतीत मिसळलेला असतो. म्हणून पिंप, बादली, खुर्ची, केरसुणी अशा हलक्या आणि जागा खाणाऱ्या वस्तूंसाठी मोबाइल उघडण्याचीही गरज नाही. पुण्यातील बोहरी आळीसारखी घरगुती सामानाची बाजारपेठ किंवा आपल्या गावातील तशा प्रकारची आळी तेथे हमखास जिंकते.

पुस्तकांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नसतो, ते प्रवासात फारसे बिघडत नाही, आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांपासून दूर राहणाऱ्या वाचकाला हवे ते मराठी पुस्तक जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तके पाठवण्यासाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तिचे सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे ठेवले होते. एकेक पुस्तक मागवण्याऐवजी चारपाच पुस्तके एकत्र मागवली, तर प्रतिपुस्तक टपालखर्च किती कमी होतो, हे या दरांवरूनच कळते. थेट प्रकाशकाला फोन करून सवलत आणि टपालखर्च दोन्ही विचारण्याचा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. मात्र मुलांसाठी पुस्तके घ्यायची असतील, तर त्यांना दुकानात नेऊन चाळू द्यावीत.

प्रेशर कुकरच्या बाबतीत मी जवळच्या भांड्यांच्या दुकानाकडे झुकतो, आणि त्याचे कारण किंमत नाही. घरगुती कुकरवर आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. त्याचे मानक आयएस २३४७. तरीही हे मानक न पाळणारे कुकर ऑनलाइन बाजारात सापडल्यामुळे २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला काही विक्रीमंचांवर, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर, दंडाची कारवाई करावी लागली होती. दुकानात कुकर हातात घेऊन चिन्हासोबतचा ‘सीएम/एल’ परवाना क्रमांक वाचता येतो आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. शिवाय रिंग सैल होते, शिट्टी हरवते, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलावा लागतो, आणि त्या दिवशी स्वयंपाक थांबलेला असतो. ज्या कंपनीचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात, तीच कंपनी निवडावी. मिक्सरचे भांडे आणि कपलर (भांडे मोटरला जोडणारा भाग) यांनाही हाच नियम लावावा. ऑनलाइन घ्यायचेच ठरवले, तरी आधी त्या कंपनीची रिंग गावात मागून पाहावी.

फ्रिज, धुलाई यंत्र यांच्या किमतींत हंगामी सवलतींच्या काळात खरोखर फरक पडतो, म्हणून येथे निर्णय घाईने करू नये. ‘परत करता येईल’ आणि ‘बदलून मिळेल’ ही दोन वेगळी आश्वासने आहेत. अनेक ठिकाणी आधी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन दोष मान्य करतो आणि मगच वस्तू बदलली जाते. तोवर मोठे खोके दिवाणखान्यात आणि दूध शेजाऱ्यांकडे, अशी अवस्था होते. म्हणून आपल्या तालुक्यात त्या कंपनीचे सेवा केंद्र कोठे आहे, जोडणी कोण करणार आणि जुना फ्रिज कोण उचलणार, हे आधी विचारून घ्यावे. ऊर्जा बचतीच्या लेबलावर वर्षाला लागणारी युनिटे आणि लेबलाचा वैधता काळ छापलेला असतो. तो दोन्हीकडे तपासावा, कारण जुन्या काळातले पाच तारे नव्या निकषांत तितके राहतीलच असे नाही. त्यानंतर ऑनलाइनची अंतिम किंमत दुकानदाराला दाखवावी. तो नेहमीच तेवढी उतरवत नाही, पण फरक थोडासाच उरला, तर बिघाडाच्या वेळी ज्याच्यासमोर जाऊन उभे राहता येते त्याच्याकडून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कपडे आणि पादत्राणे यांत पारडे बरेचदा ऑनलाइनकडे झुकते. माप बसले नाही किंवा आवडले नाही म्हणून वस्तू परत घेण्याचे बंधन कायद्याने दुकानदारावरही नाही आणि ऑनलाइन विक्रेत्यावरही नाही. ती केवळ त्यांनी दिलेली सोय असते, आणि ही सोय ऑनलाइन बहुधा अधिक उदार असते. तथापि, आपल्या पिनकोडवरून परतीचा माल उचलला जातो का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहावे. वाडीवस्तीवर पार्सल पोहोचते, पण परत न्यायला कोणी येत नाही, आणि ग्राहकाला स्वखर्चाने टपालाने पाठवावे लागते, असेही घडते.

किराणा आणि खाद्यपदार्थांबाबत एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार एमआरपी, निव्वळ वजन इत्यादी तपशील विक्रीमंचावर दाखवावे लागतात, परंतु उत्पादनाचा महिना आणि वर्ष दाखवण्यातून त्यांना सूट आहे. दुकानात पाकीट उलटून तारीख वाचता येते.

सदोष मालाबाबत मात्र कायदा दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेता दोघांनाही बांधून ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील तशीच प्रथा आहे. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला सदोष वस्तूपुरता अर्थ नाही. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेला माल परत घ्यावा लागतो, आणि विक्रीमंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

म्हणून दुकानातून पक्के बिल आणि शिक्का मारलेले हमीपत्र घ्यावे. ऑनलाइन मागणी नोंदवताना वर्णनाच्या पानाचा, विक्रेत्याच्या नावपत्त्याचा आणि परतीच्या अटींचा स्क्रीनशॉट ठेवावा, आणि खोके उघडताना पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे चित्रीकरण करावे. तक्रारीला दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यानेही काम झाले नाही, तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतचा, त्याच्या गावी जावे लागत नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही.