वस्तीतले उद्यान ओस का पडते? या चुका टाळा

नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने सेक्टरनिहाय उद्यानांसाठी भूखंड राखून ठेवले, त्यामुळे वाशी किंवा नेरूळमध्ये घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादे तरी उद्यान असते. दाटीच्या ठाण्यात मासुंदा आणि कचराळी तलावांचे काठ हीच गरज भागवतात. तरीही एका ठिकाणी संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही आणि दुसरे नुकतेच रंगवलेले उद्यान रिकामे राहते. हा फरक बहुधा खर्चाचा नसतो; उद्यान पाहण्यासाठी केले की थांबण्यासाठी, यावर तो अवलंबून असतो.

सर्वांत मोठी चूक सावलीबाबत होते. नव्या उद्यानात बॉटलपामच्या रांगा लावल्या जातात, कारण त्या लावताच जागा सजल्यासारखी दिसते. पण त्या झाडाखाली बसण्याजोगी सावली पडतच नाही. ठाण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, परंतु आजी-आजोबा आणि मुले येतात ती पाचच्या सुमारास, आणि तेव्हा ऊन पश्चिमेकडून, किंचित उत्तरेच्या बाजूने तिरपे येते. म्हणून करंज, बकुळ किंवा ताम्हण बाकाच्या पश्चिमेस लावावे आणि ते वाढेपर्यंत मधुमालतीचा मांडव घालावा. झाड लावल्यावर पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवणे ही त्याच्याशी जोडलेली दुसरी चूक आहे. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, झाड खुरटते आणि पावसाळी वाऱ्यात उन्मळण्याचा धोका वाढतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढे अंतर आपणही राखावे.

न्यूयॉर्कमधील चौकांचे १९७० च्या दशकात बारकाईने निरीक्षण करणारे विल्यम व्हाइट यांचा निष्कर्ष अगदी साधा होता: जिथे बसायला जागा असते, तिथे लोक बसतात. आपल्याकडे बाके असतात, पण पुष्कळदा ती पाठ नसलेल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठताना हात टेकायला आधार लागतो, आणि तो नसेल तर असा माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही. बाके एका ओळीत भिंतीला लावल्याने गप्पा मारणाऱ्यांना माना वळवाव्या लागतात; दोन बाके काटकोनात ठेवली तर हा त्रास टळतो. आमच्या जवळच्या उद्यानात बाक मेंदीच्या कुंपणामागे असल्याने एक आजी नातवाकडे लक्ष ठेवत तासभर झोक्याशेजारी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते दृश्य मला अजून खुपते. खेळाच्या जागेकडे तोंड करून एक सावलीतले बाक असलेच पाहिजे.

दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून लावलेले नागमोडी फाटक चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही अडवते. पायऱ्यांच्या जागी उतार करताना एक फूट चढासाठी किमान बारा फूट लांबी धरावी.

पावसाळ्याचे चार महिने तर आराखड्यात जणू नसतातच. गुळगुळीत लाद्यांवर शेवाळ धरते आणि सकाळी फिरायला येणारे घसरतात. मार्गाला खडबडीत पृष्ठभाग आणि एका बाजूस हलका उतार द्यावा. बंद कारंज्यात पाणी साचू देऊ नये. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून टाकी पूर्ण रिकामी करावी.

उंच खांबावरचे दिवे झाडाच्या शेंड्यात अडकतात, खाली अंधार पडतो आणि फांद्या तोडण्याची मागणी होते. महाराष्ट्रात झाडांच्या जतनासाठी १९७५ चा कायदा आहे, त्यामुळे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. सोपा उपाय म्हणजे फांद्यांच्या खाली येतील असे बुटके दिवे लावणे. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर मात्र दिवे लावूनही स्त्रिया आणि ज्येष्ठ फार वेळ थांबत नाहीत.

दुरुस्तीचा अर्ज प्रभाग कार्यालयात देण्यापूर्वी आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उद्यानात थांबून कोण येते, कुठे उभे राहते आणि किती वेळाने निघते, हे लिहून ठेवावे. हिरवळीवर पावलांनी तयार झालेली पायवाट दिसली, तर तिथे कुंपण घालण्याऐवजी सपाट दगड बसवावेत.