संकल्प एकच धरा, पण वेळ पक्की करा
पाडव्याला वजन, बचत, अभ्यास असं सगळं एकदम धरू नका, एकच धरा अन् त्याला वेळ बांधून द्या. 'रोज व्यायाम करीन' असं नाही, 'सकाळचा चहा झाला की मारुतीच्या देवळापर्यंत चालून यायचं' असं. आपल्याकडं मे महिन्यात ऊन ४२ डिग्रीच्या वर जातं, तवा दुपारचा प्लॅन टिकतच नाही, पेरणीच्या दिवसात तर घरात कोणालाच फुरसत नसते, त्या आठवड्यांत टार्गेट आधीच निम्मं करून ठेवा. एखादा दिवस हुकला तर लई मनाला लावून घेऊ नका, लंडनच्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, अन् मधी एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नव्हतं, फक्त दुसऱ्या दिवशी निघायचंच.