मोसंबीच्या सालीतून पेक्टिनची फिल्म

उन्हाळ्यात मंडईच्या आसपास ज्यूसवाल्यांकडे मोसंबीच्या सालींची पोती भरतात. मागितली तर आनंदाने देतात. त्यांच्यापासून फिल्म, म्हणजे प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा, बनवायला सालीच्या आतला पांढरा, कापसासारखा थर आपल्याला हवाय. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते ते पेक्टिन त्यात भरपूर असतं. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं.

वरची पिवळी साल सुरीने काढून टाका, त्यात तेल असतं. पांढरा भाग ३०० ग्रॅम घ्या, बारीक चिरा आणि एक उकळी देऊन ते पाणी फेका, म्हणजे साखर आणि कडवटपणा बराच निघून जातो. मग १ लिटर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर मंद आचेवर ठेवा. पातेलं स्टीलचंच हवं, ॲल्युमिनियमला आम्ल खातं. सुती कापडातून गाळा. फार पिळू नका, नाहीतर चोथा उतरतो. गाळलेलं पाणी आटवून ४०० मिली करा आणि पूर्ण गार होऊ द्या.

आता गॅस बंद, खिडक्या उघड्या. पेक्टिन वेगळं करायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल भसकन पेट घेतं. गार झालेल्या पाण्यात ते ८०० मिली हळूहळू ओता, की ढगासारखे पांढरट गोळे वर येऊ लागतात. पेक्टिन पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून ते असं वेगळं होतं. गोळे कापडात गोळा करून थोड्या ताज्या अल्कोहोलने धुवा. मी पहिल्यांदा हे धुणं टाळलं. आत राहिलेल्या आम्लामुळे आणि साखरेमुळे फिल्म शेवटपर्यंत चिकटच राहिली. धुतलेले गोळे हवेशीर जागी, आगीपासून दूर, कडक वाळवा आणि मिक्सरमधून काढून पूड करा.

ही पूड ५ ग्रॅम घ्या. त्यात पाव चमचा ग्लिसरीन आधीच कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ग्लिसरीन नसेल तर वाळलेली फिल्म पापडासारखी मोडते आणि जास्त झालं तर हवेतली ओल ओढून घेते. हे मिश्रण २०० मिली गरम पाण्यात ढवळत विरघळवा. बुडबुडे बसू द्या. मग सपाट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ४ मिलिमीटरचा थर ओता. काचेला आणि स्टीलला फिल्म धरून बसते.

पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत दोन दिवसांत ती वाळते. जुलैत मात्र माझ्या ट्रेवर बुरशी आली होती, तेव्हा पावसाळ्यात करूच नका. कडेला नख लावून हलकेच सोलली की मधाच्या रंगाची, उजेडात आरपार दिसणारी फिल्म हातात येते.

घरी असं काढलेलं पेक्टिन खाण्यायोग्य समजू नका. कॅरीबॅगला पर्याय म्हणूनही या फिल्मकडे पाहू नका, पाणी लागलं की ती विरघळते. पण म्हणूनच मला ती बियांसाठी आवडते. चौकोनी तुकड्यात मेथीचे दहा-बारा दाणे ठेवायचे, कडा ओल्या बोटाने चिकटवायच्या आणि पुडी तशीच कुंडीत बोटभर मातीखाली पुरून पाणी घालायचं. आमच्या बाल्कनीत चौथ्या दिवशी मेथी वर आली. माती उकरून पाहिली, पुडीचा मागमूस नव्हता.